सुरुंग काढलेल्या जमिनीवर शेतीकामाला जाण्याआधी

कंबोडियाच्या वायव्येला बट्टामबांग आणि पैलिन प्रांतांत भूसुरुंग काढून झालेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्याच्या कामाला दिंडोरी-निफाडकडून जी मंडळी निघणार आहेत, त्यांच्यासाठी ही तयारी लिहितोय. सुरुंग काढणं आपलं काम नाही, ते त्या कामाचं शिक्षण घेतलेल्यांचं. आपण त्यांच्या मागून शेतात उतरणार. पण नेमक्या त्याच वेळी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ही जमीन तपासली ती किती खोलीपर्यंत?

म्हणून कपड्यांच्या बॅगेआधी कागद. जमीन ताब्यात देताना जे प्रमाणपत्र दिलं जातं त्याची प्रत इथे नाशिकमध्ये असतानाच मागवून घ्या. त्यात तीन गोष्टी शोधा: हद्द, खोली आणि तारीख. बऱ्याच देशांत ही खोली १३ ते २० सेंटिमीटर धरतात. म्हणजे पुरती एक वीतसुद्धा नाही. माणसासाठी पेरलेला सुरुंग वरच्या थरातच असतो, पाय पडल्यावर फुटावा म्हणून, त्यामुळे त्यांच्या कामाच्या दृष्टीने ही खोली बरोबर आहे. पण आपला पलटी नांगर वीतभराच्या खाली सहज जातो, खालचा कडक थर फोडणारा सबसॉयलर दीड-दोन फूट, आणि द्राक्षाची चारी तर आपण दोन-अडीच फूट घेतो. तेव्हा एका कागदावर प्रत्येक अवजारासमोर ते किती खोल जातं ते लिहून काढा. रोटाव्हेटर, कुदळ, पहार, मांडवाचा अँगल गाडायचा खड्डा, सगळं. अंदाजे लिहू नका, आपल्याच रानात टेप लावून मोजा.

या यादीत हमखास सुटतो तो मातीचा नमुना. तपासणीसाठी आपण व्ही आकाराचा खड्डा घेतो तो वीतभर, आणि बागेसाठी असेल तर दोन फुटांपर्यंतचे थर वेगवेगळे काढतो. म्हणजे शेतात पाऊल टाकल्यावर तपासलेल्या खोलीखाली पहिल्यांदा हात घालणारे आपणच ठरू. यावर उपाय साधा आहे. प्रमाणपत्रातल्या खोलीतून पाच सेंटिमीटर वजा करा आणि तेवढ्यावर कुदळीच्या पात्यावर व ऑगरच्या (नमुना काढायच्या गिरमिटाच्या) दांड्यावर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारा. मग इथल्या काळ्या जमिनीत रोज थोडा सराव करा. पट्टा मातीला टेकला की हात थांबला पाहिजे, मनात विचार न येता. ही सवय तिथे जाऊन लागत नाही. त्याहून खोल नमुना लागणारच असेल, तर तेवढी जागा तेवढ्या खोलीपर्यंत पुन्हा तपासून द्या असं सुरुंग काढणाऱ्या संस्थेला लेखी कळवायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

पिकाचा विचारही याच मापाने करून ठेवा. तिकडे कसावा भरपूर होतो, आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. लावताना तो निरुपद्रवी दिसतो, पण काढणीला कंद उपटताना खालचा थर उकरला जातो. पहिल्या हंगामाला माझ्या मते भातच बरा. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांना ठाऊक आहे, हलकी चिखलणी वरच्या थरातच भागते. फळबाग, विहीर, शेततळं यांचा आग्रह कुणी कितीही धरला तरी पहिल्या वर्षी नको. यंत्राने, म्हणजे साखळ्या फिरवणाऱ्या फ्लेलने साफ केलेली जमीन असेल तर वरखालची माती मिसळलेली आणि झाडझाडोरा गेलेला असतो. तिथे आधी धैंचा किंवा तागासारखं हिरवळीचं खत घ्या. स्फोटकांचे अंश आणि शिसं-तांबं यांच्यासाठी माती तपासून घ्या, आणि जुन्या विहिरीचं पाणीही, कारण आरडीएक्स पाण्याबरोबर खाली झिरपतं.

प्रमाणपत्राच्या तारखेकडे पुन्हा वळतो. जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर परत लढाई झाली. जुनी तारीख असलेली जमीन नंतरच्या तोफगोळ्यांपासून मोकळी आहे असं मानता येत नाही. गाव सीमेपासून किती दूर आहे आणि भारतीय दूतावासाची सूचना काय आहे, हे पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका. पुराचंही विचारा. मे २०१४ च्या बोस्नियातल्या पुरात सुरुंग आणि धोक्याच्या पाट्या दोन्ही जागेवरून सरकल्या होत्या. आपल्याकडे गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे पोरगंही सांगतं, तशी खूण तिथल्या म्हाताऱ्यांकडे असतेच. ती नकाशावर उतरवून घ्या.

जमीन कुणाची, हे तिथे सातबारा काढून कळणार नाही. ख्मेर रूज या कडव्या साम्यवादी राजवटीच्या काळात, १९७५ ते ७९, खाजगी मालकीच मोडीत निघाली. सुरुंग निघाले की जमिनीची किंमत चढते आणि बळकट माणूस पुढे सरकतो. म्हणून कसणाऱ्याचं नाव गावसभेसमोर ठरलं आहे ना, ते आधी विचारा. नाहीतर आपण घाम गाळायचा आणि विधवेची जमीन दुसऱ्याच्या घशात जायची. पाय गमावलेले शेतकरी भेटतील. त्यांना कोणतं काम जमेल हे आपण ठरवायचं नाही, त्यांना विचारायचं. चिखलात चालता येईल, उकिडवं बसता येईल असा जयपूर फूट पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला तो शेतात राबणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच.

घरच्यांशी नीट बोलून घ्या. काही लपवू नका. ८ ते ११ एप्रिल १९४८ ला नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढणारे बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे आपल्या लोकांना माहीत आहेत. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे पाकिस्तान सीमेवरच्या लष्करी जमवाजमवीत, पंजाब-राजस्थानच्या सीमेवर शेतांत सुरुंग पेरले गेले आणि तिथल्या शेतकऱ्यांना आपल्याच रानात जाता येईना, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. तेही सांगा.

बाकी सामान थोडकं: घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्या, शिट्टी, रक्तस्राव थांबवणारा टूर्निके आणि तो बांधल्याची वेळ लिहायला मार्कर. टूर्निके वापरायला इथेच एखाद्या डॉक्टरांकडून शिका. संशयास्पद वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, जागेवर थांबून हाक द्यायची आणि मदत येईपर्यंत हलायचं नाही. रान पेटवायचं नाही. चूलसुद्धा ठरलेल्या जागीच, कारण विस्तवाखाली पुरलेला गोळा तापून फुटतो.

तिकडचा कोरडा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपल्या द्राक्षबागेत विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) आणि तोडा. बाग कुणाच्या भरवशावर सोडणार हे दसऱ्याच्या आत ठरवा. आणि प्रमाणपत्र, अवजारांच्या खोलीचा कागद व शेताचा नकाशा यांच्या तीन-तीन प्रती काढा: एक खिशात, एक गटप्रमुखाकडे, एक ख्मेरमध्ये करून त्या शेतकऱ्याच्या घरी.