ब्राउझरचा व्हायरस काढला तरी परत येतोय? या चुका टाळा

क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं. काही शोधायला जावं तर ॲड्रेस बारमध्ये क्षणभर एक अनोळखी पत्ता चमकतो आणि निकाल याहूवर दिसतात. होमपेज बदलावं, तर कॉम्प्युटर बंद करून चालू केला की परत तेच. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलात तर ही तक्रार हमखास कानावर पडेल, आणि तिच्या मागोमाग हे वाक्यही: "क्रोम काढून परत टाकलंय की ओ, तरी जाईना झालंय."

जाईना, कारण क्रोममध्ये जे दिसतंय ते नुसतं टोक आहे. याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात आणि त्याचा धंदा सरळ आहे. तुमचं प्रत्येक सर्च आपल्या पत्त्यावरून वळवून खऱ्या सर्च इंजिनकडे ढकलायचं आणि जाहिरातीच्या पैशातला वाटा खायचा. म्हणजे याहू किंवा बिंगला शिव्या घालून उपयोग नाही, त्यांच्या दारात तुम्हाला नेऊन सोडणारा वेगळाच आहे. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला एकदा डल्ला मारला की पुरतं. हायजॅकरला तुमच्याकडे रोजचा मुक्काम हवा असतो, म्हणून परत येण्याची सोय तो पहिल्या दिवशीच करून ठेवतो. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाचा असाच एक हायजॅकर जगभरातल्या २५ कोटींहून जास्त कॉम्प्युटरवर असल्याचं सांगितलं होतं, त्यातले अडीच कोटी भारतातले. हा आकडा फुगलेला असावा, असं मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटलं. पण त्याचा लहानसा हिस्सा धरला तरी थोडा नाही.

उसाच्या सरीतली हरळी वरनं खुरपली तर आठवड्यात पुन्हा हिरवी होते, तसंच हे. खालच्या कांड्या आधी काढाव्या लागतात. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: हत्यारं बरोबर असतात, कामाचा क्रम उलटा असतो.

बिघडलेल्या ब्राउझरमध्येच इलाज शोधणं

क्रोम बिघडलंय आणि त्याच क्रोममध्ये आपण 'हा व्हायरस कसा काढायचा' असं टाइप करतो. निकाल कोण दाखवणार? तोच हायजॅकर. वरची जाहिरात दाबली की 'मोफत क्लीनर' उतरतो, तो स्कॅन करून शेकडो धोके लाल अक्षरात दाखवतो आणि काढायचे म्हटलं की पैसे मागतो. साफ ब्राउझरमध्ये शोधलं तरी सावध राहा. एकेका हायजॅकरचं नाव घेऊन लिहिलेली पानं ढिगाने असतात, आणि पाच पायऱ्या सांगून झाल्यावर शेवटी त्यांचंच विकाऊ सॉफ्टवेअर पुढे येतं.

माहिती मोबाइलवर शोधा. सॉफ्टवेअर घ्यायचंच तर कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून घ्या. मालवेअरबाइट्सचं ॲडव्ह-क्लीनर हायजॅकरसाठीच बनवलेलं आहे आणि फुकट आहे. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे, त्यांच्या साइटवरही फुकट साधनं मिळतात. यातलं एखादं पुरे. दोन-तीन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवले तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि कॉम्प्युटर रडत चालतो.

क्रोम काढून परत टाकणं

हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि एकट्याने सगळ्यात निरुपयोगी. क्रोम अनइन्स्टॉल केलं तरी तुमचं प्रोफाइल, म्हणजे एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर), सर्च इंजिन, होमपेज हे सगळं, वेगळ्या फोल्डरमध्ये तसंच राहतं. काढताना 'ब्राउझिंग डेटाही हटवा' या चौकोनात टिक केली तरच ते जातं. टिक केली, नवं क्रोम टाकलं आणि जीमेलने साइन इन केलं की सिंक, म्हणजे एका अकाउंटवर सगळीकडे सारखंच ठेवणारी सोय, जुनी सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन परत आणून ठेवतो. घरी एक आणि लक्ष्मीपुरीतल्या दुकानात एक असे दोन कॉम्प्युटर एकाच अकाउंटवर असतील तर गंमत आणखी वाढते. अशा वेळी दोन्हीकडे आधी सिंक बंद करायचा, दोन्ही साफ करायचे, मगच चालू करायचा.

यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंत क्रोमच्या सेटिंग्जमधलं 'क्लीन अप कॉम्प्युटर' दाबायला सांगतात. ते आता शोधत बसू नका. गूगलने मार्च २०२३ मध्ये, क्रोम १११ पासून ते साधनच काढून टाकलं.

मग क्रम कोणता?

ॲडव्ह-क्लीनर उतरवून झालं की नेट बंद करा. वायफाय बंद, केबल असेल तर केबल काढा. साफसफाई चालू असताना हायजॅकरला बाहेरून नवा माल मागवता येऊ नये, एवढ्यासाठीच.

पहिलं काम ब्राउझरच्या बाहेर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. त्रास कधी सुरू झाला ते घरात विचारा, साधारण दिवस कळतो. त्या दिवसाच्या आगेमागे आलेलं पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, कूपन, फुकटचं व्हीपीएन असं काही ओळखीचं नसेल तर अनइन्स्टॉल करा. मात्र यादीत इंटेल, रिअलटेक, मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस अशीही नावं असतात. ती कॉम्प्युटरच्या कामाची असतात. नाव कळलं नाही म्हणून ती उडवली तर आवाज किंवा एखादं चांगलं सॉफ्टवेअर बंद पडेल.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपमधल्या अनोळखी गोष्टी डिसेबल करा. इथपर्यंत पुष्कळ जण येतात. पुढची जागा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते: टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय. स्टार्ट मेनूत हे नाव टाइप केलं की उघडतं. डावीकडे टास्क शेड्यूलर लायब्ररी दाबा. कामाच्या नावात अर्थहीन अक्षरं, 'कधी चालणार' या रकान्यात 'लॉगऑन झाल्यावर' किंवा 'दर तासाला', आणि ॲक्शन्समध्ये ॲपडेटा फोल्डरमधली एखादी फाइल किंवा पॉवरशेलचा (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायच्या साधनाचा) लांबलचक आदेश, असं दिसलं तर परत परत येणारा पाहुणा बहुधा तिथूनच येतोय. लगेच डिलीट न करता आधी डिसेबल करा. चुकून चांगलं काम थांबवलं असेल तर परत चालू करता येतं. खात्री पटली की डिलीट. गूगल आणि वनड्राइव्हच्या अपडेटची कामंही तिथेच दिसतात, त्यांना हात लावू नका.

आता डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट'ची ओळ. ती 'क्रोम डॉट ईएक्सई' आणि अवतरणचिन्हावर संपायला हवी. पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा भाग खोडा. टास्कबारवरच्या चित्राचा शॉर्टकट वेगळा असतो, तो सरळ अनपिन करून नव्याने पिन करा.

क्रोमच्या मेनूत अगदी खाली 'तुमच्या संस्थेने व्यवस्थापित केलेले' अशा अर्थाची ओळ दिसते का, तेही बघा. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली संस्था? ऑफिसांसाठी दिलेली पॉलिसीची, म्हणजे सेटिंग्ज वरून लादायची, सोय हायजॅकर वापरतो, म्हणून त्याच्या एक्स्टेन्शनसमोर काढून टाकायचं बटणच चालत नाही. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप केलं की लादलेल्या पॉलिसींची यादी येते. त्या असतात रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात: लोकल मशीन आणि करंट युजर या दोन्हीखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. ती 'क्रोम' नावाची की (रजिस्ट्रीतला फोल्डरच म्हणा) आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग डिलीट करा. एजमध्ये त्रास असेल तर गूगलऐवजी मायक्रोसॉफ्ट आणि एज. काही अँटिव्हायरसही पॉलिसी टाकतात आणि कंपनीच्या लॅपटॉपवर ती असायचीच, तेव्हा हा उद्योग फक्त घरच्या मशीनवर. रजिस्ट्रीत कधी हात घातला नसेल तर हे एवढं काम जाणत्याकडून करून घेतलेलं बरं. शेड्यूलरमधलं काम न काढता नुसती पॉलिसी उडवली, तर पुढच्या लॉगिनला ती परत हजर होते.

आता ॲडव्ह-क्लीनर चालवा. मग, अगदी शेवटी, क्रोम. नको ती एक्स्टेन्शन काढा आणि सेटिंग्जमधून 'रीसेट सेटिंग्ज' करा. यात बुकमार्क, हिस्ट्री आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकी (साइटवरचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) जातात, म्हणून सगळीकडे परत लॉगिन करावं लागतं. नंतर विंडोज सिक्युरिटीमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा होतो.

हे सगळं करूनही सर्च वळत असेल तर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून फिरवणारी सेटिंग, चालू आहे का ते बघा. त्याच वायफायवर मोबाइलमध्येही भलती पानं उघडत असतील तर कॉम्प्युटरला सोडा, राउटरचं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेटिंग, बदललेलं असण्याची शक्यता आहे. राउटर रीसेट करून त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला. रीसेटनंतर नेटची सेटिंग्ज परत भरावी लागतात, म्हणून केबलवाल्या भाऊंना आधी फोन करून ठेवा.

नोटिफिकेशनला व्हायरस समजणं

उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' अशी पाटी सरकत येते. पुष्कळदा तिथे व्हायरस एकही नसतो. फुकटात मॅच बघताना कुठल्यातरी साइटने 'रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा' म्हटलं आणि घरातल्या कुणीतरी दाबलं, एवढंच. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अलाउमधले अनोळखी पत्ते काढा. झालं.

पूर्ण पडदा व्यापून, भोंगा वाजवत 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' म्हणणारं पान मात्र निव्वळ फसवणूक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन केलाच असेल, एनीडेस्कसारखं, कॉम्प्युटरचा ताबा दुरून दुसऱ्याकडे देणारं काही उतरवून दिलं असेल किंवा पैसे गेले असतील, तर नेट तोडा आणि लगेच १९३० ला फोन करा.

तो आला कुठून, हे न विचारणं

घरात हा प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात. फॉर्म भरायच्या दिवसांत उत्तर बहुधा ठरलेलं असतं. महाडीबीटीची स्कॉलरशिप असो नाहीतर शिवाजी विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, फोटो आणि सही अमुक केबीत हवी, मार्कलिस्ट पीडीएफमध्ये हवी. पोरं घाईत पहिल्या साइटवरचं भलंमोठं हिरवं डाउनलोड बटण दाबतात आणि नेक्स्ट, नेक्स्ट करत सुटतात. यासाठी काही उतरवायची गरजच नाही. फोटो विंडोजच्या पेंटमध्ये लहान होतो, प्रिंटच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' असतंच. मराठी टायपिंगसाठीही अनोळखी साइटवर फॉन्ट शोधायला नको, २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे.

दुसरा दरवाजा म्हणजे चोरीचं विंडोज चालू करणारा ॲक्टिव्हेटर. 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा' असं ज्या सूचनेत लिहिलंय, ती तिथेच सोडून द्या.

उठसूट फॉरमॅट मारणं

साध्या हायजॅकरसाठी फॉरमॅट म्हणजे अतीच. पण ॲक्टिव्हेटर चालवला असेल किंवा जीमेलमध्ये अनोळखी ठिकाणचं लॉगिन दिसत असेल, तर माझं मत फॉरमॅटच्या बाजूने. फक्त दोन गोष्टी सांभाळा. दुकानदाराने पुन्हा चोरीचंच विंडोज टाकलं तर खर्च करून आपण होतो तिथेच. आणि बॅकअपमध्ये फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा एवढंच घ्या. डी ड्राइव्हमधला जुन्या सेटअपचा फोल्डर कितीही जिवाभावाचा असला तरी नको. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे सरकत नाही, तेव्हा फॉरमॅट करतानाच नवं विंडोज चालतंय का ते विचारून घ्या.

पासवर्ड मोबाइलवरून बदला, आधी जीमेलचा आणि मग बँकेचा. गूगल अकाउंटच्या 'युअर डिव्हाइसेस'मध्ये जाऊन जुनी लॉगिनं साइन आउट करा, कारण चोरलेल्या कुकीने पासवर्डशिवायही आत शिरता येतं. त्याच पानावर तुमचं नसलेलं एखादं मशीन दिसलं, तर क्रोममध्ये साठवलेले बाकीचे पासवर्डही बदलायच्या यादीत घ्या.