पंचविशीत बीपी निघालंय आणि पळताना दम लागतो? मग या चुका टाळा

विशी-पंचविशीतल्या पोराला बीपी निघालं की घरच्यांचं ठरलेलं असतं, एक पार्टी म्हणते "टेन्शनने असेल, होईल कमी" आणि दुसरी म्हणते "आजपासून जिम बंद". आणि ज्याला बीपी आहे तो वेगळ्याच गोंधळात, की माझा इको (हृदयाची सोनोग्राफी) तर नॉर्मल आलाय, त्यातला ईएफ ६० टक्के आहे, मग सिंहगड चढताना अर्ध्यातच का बसायला लागतं?

सगळ्यात मोठी चूक हीच, फक्त ईएफ बघून फाईल कपाटात टाकणे. ईएफ सांगतो की हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो. पण दोन ठोक्यांच्या मधे कप्प्याने सैल पडून परत भरायचं पण असतं ना, आणि बीपीने पहिला फटका बसतो तो बहुतेक वेळा तिथेच. रोज जास्त प्रेशरविरुद्ध ढकलून ढकलून स्नायू जाड होतो, कडक होतो, नीट सैल पडत नाही. बसल्या जागी ठोके ७०-७५ असतात, भरायला भरपूर वेळ मिळतो म्हणून काहीच जाणवत नाही. पळायला लागलं, ठोके १६० ला गेले की सगळ्यात जास्त कापला जातो तो भरायचाच वेळ, मग कडक कप्प्यात रक्त जबरदस्तीने घुसतं, मागे फुप्फुसाकडचं प्रेशर वाढतं आणि दम लागतो. इको झोपवून केलेला असतो, त्यात हे लपून जाऊ शकतं.

म्हणून इकोच्या रिपोर्टमधे एलव्हीएच (डाव्या कप्प्याचा स्नायू जाड होणं) लिहिलंय का, हृदयाच्या मधल्या पडद्याची जाडी किती, डायस्टोलिक डिसफंक्शन (कप्पा नीट सैल न पडणं, ग्रेड १ म्हणजे सगळ्यात सौम्य) आहे का ते बघा. "ग्रेड १ आहे, सगळ्यांनाच असतं" हे वाक्य साठीतल्या काकांना ठीक आहे, पंचविशीत ग्रेड १ आला तर डॉक्टरांना त्यावर थांबून विचारायचं. चांगली गोष्ट म्हणजे हे बऱ्याच जणांत मागे फिरतं, बीपी महिनोन्महिने कंट्रोलमधे राहिलं तर जाडी कमी होते. अर्थात प्रत्येक दम हृदयाचा नसतो, हिमोग्लोबिन ९ असेल तरी लागतो, ते आधी चेक करा.

टीएमटीचं, म्हणजे पट्ट्यावर चालवून-पळवून काढतात त्या ईसीजीचं, पण तेच. "निगेटिव्ह" वाचलं की सगळे खुश. निगेटिव्ह म्हणजे ब्लॉकेजची खूण दिसली नाही, एवढंच. खाली किती मेट्स (बसल्या जागेच्या किती पट मेहनत झेपली ते) झाले आणि शेवटी बीपी किती गेलं ते कुणी वाचतच नाही. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत (दर तीन मिनिटांनी स्पीड आणि चढ वाढवतात, ती एक स्टेज) तिसरी स्टेज पूर्ण केली की साधारण १० मेट्स होतात, पंचविशीतला माणूस दुसऱ्या स्टेजलाच दमून उतरला तर ते सांगण्यासारखं आहे. व्यायामात वरचं बीपी वाढणारच, त्यात घाबरायचं काही नाही, पण पुरुषात २१० आणि बाईत १९० च्या वर गेलं तर जास्त धरतात.

आता बीपी खरंच आहे का, इथेही घोळ असतो. जिम करून दंड जाड झालेत आणि बीपी मशीनचा दंडाचा पट्टा साध्या साईजचा, मग रीडिंग जास्तच येणार. मोठा पट्टा मागा, लाजू नका. चहा-सिगरेट-व्यायामानंतर अर्धा तास थांबा, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा (मोबाईल खाली ठेवा, रील बघत मोजू नका), हात छातीच्या लेव्हलला. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा, १३५/८५ किंवा वर आली तर बीपी आहे असं धरतात.

व्यायाम बंद करणं ही चूकच, पण दुसऱ्या टोकाला जाणारे पण आहेत. श्वास रोखून जड लेग प्रेस मारणे! १९८५ मधे कॅनडात बॉडीबिल्डर्सच्या धमनीत नळी घालून मोजलं होतं, दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० गेलं होतं, आणि ती धडधाकट माणसं होती. वजन हलकं ठेवा, उचलताना श्वास सोडा. बीपी १६०/१०० च्या वर असेल तर ते उतरेपर्यंत जोरदार काही नको, चालणं-सायकल ठीक, तेही डॉक्टरांना विचारून. आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणे, वॉल सिट, फालतू वाटतं ना? २०२३ मधे २७० चाचण्या एकत्र करून पाहिलं तर विश्रांतीचं बीपी सगळ्यात जास्त उतरलं ते अशाच स्थिर व्यायामांनी, वरचं साधारण ८ ने. दोन-दोन मिनिटं, चार वेळा, मधे विश्रांती, आठवड्यातून तीनदा. फक्त श्वास चालू ठेवा.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं अजून एक करतात, १६०० मीटरला टाईम बसत नाही म्हणून बीपीची गोळीच बंद. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे जास्तीत जास्त ठोक्यांचं घड्याळातलं २२० वजा वय हे गणित तुम्हाला लागूच नाही आणि पळताना जड वाटू शकतं हे खरं. पण गोळी बदलून मिळते, डॉक्टरांना सांगा की मी पळतो. प्री-वर्कआउटचा डबा, सुईवाली "पावडर" (स्टेरॉइड), सर्दीच्या गोळ्या, अंगदुखीला रोजची पेनकिलर, हे पण सांगा, बीपी यानेही चढतं. लपवून काय मिळणार?

आणि एक गोष्ट राहतेच, पायाचं बीपी. एवढ्या कमी वयात बीपी म्हणजे किडनी, हार्मोन किंवा महाधमनीच जन्मतः अरुंद असणं, यातलं काही आहे का ते शोधावं लागतं. धमनी अरुंद असेल तर हाताला बीपी जास्त, पायाला कमी आणि चढावर पाय लवकर भरून येतात, लोक म्हणतात प्रॅक्टिस नाही. पुढच्या व्हिजिटला हात-पाय दोन्हीकडे मोजायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर मात्र व्हिजिटची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.