घरची बिअर बिघडते कुठे? नवशिक्यांनी या चुका टाळा

पहिली बिअर बेचव झाली की नवशिका माणूस पाककृतीला दोष देतो. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) कमी पडले असतील किंवा माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) जुना असेल, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात बिअर बनवण्याच्या तयार किटसोबत आलेली पाककृती सहसा ठीक असते आणि माल्ट अर्क उकळण्याचा तासभराचा भागही बहुतेकांना जमतो. फक्त अर्क घालताना भांडे आचेवरून उतरवावे, म्हणजे तो तळाशी करपत नाही. खरा बिघाड होतो तो चूल बंद केल्यानंतरच्या काही आठवड्यांत.

हा लेख मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये घरगुती वापराच्या बिअरसाठी परवान्याची अट १९६३ मध्ये उठली. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. विक्री मात्र करता येत नाही आणि राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे सुट्टीत गावी जाऊन हा प्रयोग करू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक तापमानाची असते. कढत दुधाला विरजण लावले तर दही लागत नाही, तसेच गरम वर्टमध्ये (उकळून तयार झालेल्या माल्टच्या गोड पाण्यात) यीस्ट (साखरेचे मद्य करणारे सूक्ष्मजीव) घातले की ते मरते किंवा दुबळे होते. म्हणून भांडे सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून वर्ट २० अंश सेल्सिअसच्या आसपास आणावे आणि मगच यीस्ट घालावे. इथवर बहुतेक जण काळजी घेतात. पुढची गोष्ट मात्र नजरेतून सुटते. किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे मद्य करणे, स्वतःच उष्णता निर्माण करते, त्यामुळे खोली २२ अंशांवर असली तरी जोमाच्या काळात फर्मेंटरच्या (किण्वनाच्या भांड्याच्या) आत २५ किंवा त्याहून अधिक तापमान होऊ शकते, आणि एल या साध्या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. उष्णता वाढली की बिअरला पिकल्या केळ्याचा किंवा थिनरसारखा वास येतो आणि घशाला चटका बसतो. हा दोष नंतर कितीही मुरवले तरी फारसा जात नाही. पहिले तीन-चार दिवस फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून टबातील पाण्यात रोज गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकणे हा स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात तेही जमणार नसेल, तर नॉर्वेतील व्हॉस भागाचे क्वाइक यीस्ट घ्यावे. ते ३५ अंशांनाही चांगले काम करते. लागर प्रकारची बिअर मात्र पहिल्या प्रयत्नात बनवू नये, कारण तिला ९ ते १३ अंशांचा स्थिर थंडावा लागतो.

स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आधी चिकटा घासून काढावा आणि मगच निर्जंतुक करावे. थंड झालेल्या वर्टला ज्याचा स्पर्श होणार, ते प्रत्येक साधन स्टार सॅनसारख्या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवावे. १९ लिटर पाण्याला सुमारे ३० मिलिलिटर स्टार सॅन पुरते. त्याचा फेस निरुपद्रवी असतो. तो पाहून साधन पुन्हा नळाखाली धुणारे लोक केलेले काम पाण्यात घालवतात. बिअरला बँडेजसारखा औषधी वास येत असेल, तर संशय ब्लीचवर किंवा नळाच्या पाण्यातील क्लोरीनवर घ्यावा. १९ लिटर पाण्यात पाव कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची गोळी) टाकल्यास क्लोरीनचा प्रश्न सुटतो.

वर साचलेला तपकिरी, ओंगळ फेस पाहून बिअर फेकू नये. ते निरोगी किण्वनाचे लक्षण आहे. एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतले) बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन संपले, हाही गैरसमजच, कारण झाकण सैल असले तरी बुडबुडे दिसत नाहीत. हायड्रोमीटरचे (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजणाऱ्या साधनाचे; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) माप दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्यावे. १.०५० ला सुरू झालेली बिअर १.०१२ च्या जवळ येऊन स्थिरावली तर किण्वन संपले असे समजावे. आकडा १.०२० ला अडला असेल, तर फर्मेंटर थोड्या उबदार जागी ठेवून हलकेच हलवावा आणि आठवडाभर थांबावे.

बाटल्या भरण्याची घाई धोकादायक ठरते. किण्वन अपुरे असताना भरलेली किंवा अंदाजाने साखर घातलेली बाटली फुटते आणि काचा उडतात. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून १९ लिटरसाठी ११० ते १२० ग्रॅम डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर) वजन करून घ्यावे, थोड्या पाण्यात उकळावे आणि सगळ्या बिअरमध्ये हळुवार मिसळावे. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकल्यास प्रमाण सारखे राहत नाही. बाटल्या जाड आणि तपकिरी काचेच्या असाव्यात, कारण प्रकाशामुळे हॉप्समधील घटकांपासून उग्र दुर्गंधी तयार होते. बिअरला फेस येत नाही, ही तक्रार बहुधा बाटल्या लगेच फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांची असते. त्या आधी दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवाव्यात. उलट एखादी बाटली उघडताच फसफसून वाहू लागली, तर उरलेल्या बाटल्या हातमोजे आणि चष्मा घालून ताबडतोब थंड कराव्यात.

घरात कुत्रा असेल, तर हॉप्सचा चोथा उघड्या कचऱ्यात टाकू नये. तो खाल्ल्यास कुत्र्याच्या अंगाचे तापमान जीवघेणे वाढू शकते.