गंजलेला, मोडका रणगाडा बनवताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात मी प्लॅस्टिकच्या किटमधून १/३५ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या ३५ पट लहान, जळक्या टी-५९ रणगाड्याचं मॉडेल पूर्ण केलं आणि कौतुकाच्या आशेने शेजारच्या काकांना दाखवलं. काकांचं आयुष्य फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलंय. चष्मा वर करून ते एवढंच म्हणाले, "अरे, रबराला गंज कधीपासून लागायला लागला?" चाकांच्या रबरी धावांवरही मी मस्त नारिंगी रंग फिरवून ठेवला होता.

ही चूक सगळेच करतात, कारण आपण सुरुवातच गंजाच्या रंगापासून करतो. आधी ठरवायला हवं की हा रणगाडा मेला कसा आणि त्यावर पावसाळे किती गेले. १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले आणि त्यातले कित्येक तसेच सोडून दिले गेले. अशा रणगाड्याचा रंग शाबूत राहतो आणि गंज फक्त कडांना, ओरखड्यांना आणि पाणी साचतं तिथे दिसतो. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातल्या लोंगेवालाला आपल्या हंटर विमानांनी टिपलेला, आतून पेटलेला पाकिस्तानी टी-५९ मात्र वेगळा. त्याचा रंग जळून जातो, उघडं पडलेलं पोलाद सगळीकडून गंजतं आणि सुरुवातीला तो गंज फिकट नारिंगी असतो. गडद तपकिरी रंग यायला वर्षं जावी लागतात.

जळालेल्या रणगाड्यात आणखी एक गोष्ट होते आणि ती बहुतेक मॉडेलांत सुटते. उष्णतेने टॉर्शन बारचा, म्हणजे चाकांना स्प्रिंगसारखा आधार देणाऱ्या पोलादी दांड्यांचा, ताव उतरतो आणि सगळं धूड खाली बसतं. किटमधले चाकांचे आर्म खुणेवर चिकटवले, तर गाडी परेडला निघाल्यासारखी ताठ दिसते. आर्मची खुंटी कापा, आर्म वरच्या बाजूला फिरवून चिकटवा आणि चाकांचं रबर चक्क तासून टाका. त्या जागी करडी राख हवी. माझी चाकं मी अशीच दुरुस्त केली. इंजिनाचं झाकण उघडं ठेवणार असाल, तर तिथे हात आवरा. टी-५९ च्या इंजिनाचा बराच भाग ॲल्युमिनियमचा असतो. तो वितळेल, काळवंडेल, पण गंजणार नाही.

मग जाडीचा प्रश्न. किटचं एक मिलिमीटर प्लॅस्टिक म्हणजे खऱ्यात ३५ मिलिमीटर पत्रा! एवढा जाड मडगार्ड चुरगळणार कसा? मलमाची रिकामी ॲल्युमिनियम ट्यूब कापून मडगार्ड करा, बोटाने हवा तसा वाकतो. चिलखताचं उलट आहे. ते कागदासारखं फाटत नाही, त्याला भोक पडतं. ९० मिलिमीटरचा पूर्ण व्यासाचा गोळा आरपार गेला, तर आपल्या मापात साधारण अडीच मिलिमीटरचं भोक पुरतं. तापल्या सळईने केलेली भगदाडं बघवत नाहीत.

संदर्भासाठी आपण पुणेकर पहिल्यांदा नगरचं रणगाडा संग्रहालय गाठतो. आकार आणि नटबोल्ट बघायला ते उत्तमच, पण तिथले रणगाडे रंगवून, निगा राखून ठेवलेले आहेत. गंज बघायचा तर रविवारी जुन्या बाजारात जा आणि भंगाराचे ढीग निवांत न्याहाळा. पावडरही महागडी आणायची गरज नाही. कुंड्यांना लावतो तो गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइडच. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा, कारण ३५ पट लहान जगात एकेक कण खड्याएवढा दिसतो. नुसता गेरू फार लाल पडतो, म्हणून त्यात थोडी बर्न्ट अंबर ही गडद तपकिरी पावडर मिसळा.

वरचा रंग जागोजागी उडवून खालचा गंज दाखवण्यासाठी हेअरस्प्रे वापरत असाल, तर खाली गंजाचा रंग आणि त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके थर द्या. वरचा रंग पाण्यात कालवलेला ॲक्रिलिकच हवा. इनॅमल लावलंत तर ओल्या ब्रशने घासत बसा, काही हलणार नाही. लॅकर थिनरमध्ये पातळ केलेलं ॲक्रिलिकही तसंच हट्टी होतं. घासायचं काम त्याच दिवशी उरका. "उद्या बघू" म्हणालात की रंग पक्का बसलाच म्हणून समजा. खड्या मिठाची युक्तीही (खडे चिकटवून वरून रंग द्यायचा, मग खडे झटकायचे) चालते, पण जुलैत नको. तेव्हा बरणीतल्या मिठालाच पाणी सुटलेलं असतं.

तेलरंगाचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, टर्पेंटाइनमध्ये केला की तो सांध्यांत साचतो आणि ताण देऊन चिकटवलेलं प्लॅस्टिक तडकतं. आधी ॲक्रिलिक वार्निशचा थर द्या, ब्रश टिपून घ्या, डबकं होऊ देऊ नका.

शेवटचा मॅट वार्निशचा (चमक घालवणारा) स्प्रे पावसाच्या दिवशी गॅलरीत मारलात आणि सगळ्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं, तर घाबरून रंग खरवडायला जाऊ नका. वर ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा हलका थर दिला की पांढरेपणा बहुधा जातो. मॅट परत मारायचा तो कोरड्या दिवशी. आमच्याकडे त्यासाठी दसऱ्यापर्यंत थांबावं लागलं.