फट उघडत नसेल तर टॉमी खाली ठेवा

पहिलं इंजिन उतरवायला मला अकरा दिवस लागले. दहा दिवस काम बऱ्यापैकी झालं आणि अकराव्या दिवशी, शेवटच्या वीस मिनिटांत, मी गेअरबॉक्सच्या केसिंगचा कान, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो तो बाहेर आलेला भाग, तोडला. तो आवाज अजून कानात आहे. काच फुटल्यासारखा नाही, वाळकी फांदी मोडल्यासारखा. हे सगळं लिहायला बसलोय ते मुख्यतः त्या वीस मिनिटांसाठी.

मेकॅनिकचं काम शिकायचं, घरी एक जुनी गाडी पडून आहे, पान्यांचा सेट आहे, जॅक आहे, मग इंजिनच उतरवून बघू, असा विचार करणाऱ्यांसाठी हे आहे. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा, बोल्ट गोल कशाने होतो, सहा कोनी सॉकेट बारा कोनीपेक्षा बरं का, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन आडवं बसवलेलं, पेट्रोल, हाताचा गिअर. माझी तशीच होती. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं प्रकरण आहे, पहिल्या इंजिनाला त्याच्या वाटेला जाऊ नका.

साधी हत्यारं म्हणजे खरोखर साधी. 10, 12, 14, 17 आणि 19 चे पाने आणि सॉकेट, एक लांब रॅचेट, दोन-तीन एक्स्टेन्शन, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, गंज सोडवणारं तेल. ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गेअरबॉक्समधून चाकाला जाणारा दांडा, तिच्या चाकाकडच्या टोकाच्या हब नटसाठी मोठं सॉकेट लागतं, बऱ्याच गाड्यांत 30 किंवा 32 चं. तो नट चाकं जमिनीवर असतानाच ढिला करा. गाडी वर उचलल्यावर हब नुसता फिरत राहतो आणि मग माणसं पायाने ब्रेक दाबून धरायला घरातल्या कोणाला तरी बसवतात. मीही बसवलं होतं.

दोन गोष्टींत मात्र जुगाड नको. एक, गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो, सील गळलं की तो बसतो. गाडी नेहमी स्टँडवर, आणि खाली जाण्याआधी एकदा हलवून बघायची. दोन, इंजिन उचलायला क्रेनच हवी, भाड्याने आणा. लहान चार सिलिंडरचं इंजिन साधारण 100 किलोचं, गेअरबॉक्स धरून त्याहून पुष्कळ जास्त. ते छताच्या हुकाला किंवा झाडाच्या फांदीला चेनपुलीने टांगणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याकडून काय शिकायचं ते शिका, हे शिकू नका. क्रेनच्या हातावर आकडे असतात तेही बघा. हात जितका बाहेर काढाल तितकी तिची ताकद कमी होते. आखूड हातावर 2 टन उचलणारी क्रेन पूर्ण लांब हातावर अर्ध्या टनाचीच राहते, आणि इंजिनापर्यंत पोचायला हात लांबच करावा लागतो.

मोकळं करायचा क्रम फार गूढ नाही. आधी पेट्रोलचा दाब उतरवायचा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडेपर्यंत. साध्या इंजेक्शनच्या गाडीत लाइनमध्ये साधारण 3 बारचा दाब असतो आणि गाडी बंद केल्यावरही बराच वेळ टिकतो. तो न उतरवता पाइप काढलात तर पेट्रोल थेट तोंडावर येतं. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल, मग कूलंट, इंजिन ऑइल, गेअर ऑइल. गेअर ऑइल विसरलात तर ड्राइव्हशाफ्ट ओढताक्षणी ते स्वतःच आठवण करून देतं. कूलंट उघड्या परातीत ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

एसीचे पाइप उघडायचेच नाहीत. कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून सोडवा आणि पाइपांसकट तारेने बाजूला बांधून ठेवा. आतला गॅस आर-134ए असेल तर तो उणे 26 अंशांना उकळतो, म्हणजे हातावर आला की कातडी गोठते. शिवाय तो हवेत सोडायची वस्तूच नाही. पाइप मध्ये येतच असतील तर एसीवाल्याकडून गॅस आधी काढून घ्या.

वायरिंगची भीती सगळ्यांना वाटते. मला तर इतकी वाटली की दोन दिवस मी बॉनेट उघडून नुसताच उभा राहत होतो. खरं सांगतो, वायरिंग हे यातलं सर्वांत सोपं काम आहे. बहुतेक कपलर एकमेकांत बसतच नाहीत, आकार वेगळे असतात. घोळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत, इंजेक्टर, कॉइल आणि ऑक्सिजन सेन्सर. तेवढ्यांना टेप लावून आकडे टाका. फोटो काढाच, पण जवळून नको, दोन पावलं मागे जाऊन काढा. माझ्याकडे कपलरचे चाळीस सुंदर फोटो होते आणि तो कपलर गाडीत कुठे आहे ते एकातही दिसत नव्हतं. आणि इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी शोधा. ती नेहमी खाली, मागे, मळात असते.

आता त्या वीस मिनिटांबद्दल.

मी गेअरबॉक्स गाडीतच ठेवून नुसतं इंजिन वर काढत होतो. गेअरबॉक्सखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा, इंजिन साखळीवर, माउंटिंग सुटलेली. बेल हाउसिंगचे, म्हणजे गेअरबॉक्सचं जे घंटेसारखं तोंड इंजिनाला जोडलेलं असतं त्याचे, सगळे बोल्ट निघाले होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. इंजिन हलवलं तर वरच्या बाजूला करंगळीएवढी फट पडली आणि तिथेच थांबली. मी म्हटलं, दोन्ही भाग नेमके जुळवून धरणाऱ्या डॉवेल पिन गंजल्या असतील. गंजतातही. फटीत टॉमी, म्हणजे उचकटायची लोखंडी पहार, घातली, उचकटलं. फट थोडी वाढली. टॉमी सोडली तर पुन्हा मिटली. मी अजून लांब टॉमी आणली.

पुन्हा मिटली, हेच मला कळायला हवं होतं. गंजलेली पिन सुटते तेव्हा थोडी थोडी सुटते. जेवढी फट मिळवली तेवढी आपली, ती परत जात नाही. फट स्प्रिंगसारखी मागे येत असेल तर आत बोल्ट आहे. दुसरी खूण त्याहून सोपी. फट चारी बाजूंनी सारखी आहे का बघा. माझी वर उघडी आणि खाली, मागच्या बाजूला पूर्ण बंद होती, पाचरीसारखी. जिथे फट बंद, तिथेच बोल्ट. तो तिथेच होता. बाकीचे सगळे गेअरबॉक्सच्या बाजूने इंजिनात जाणारे आणि हा एकटा इंजिनाच्या बाजूने उलटा आलेला, ड्राइव्हशाफ्टच्या मागे, तेल आणि धूळ बसून इतका काळा झालेला की डोकं नसून ओतीव भागाचाच उंचवटा वाटावा. मी त्यावरून दोनदा चिंधी फिरवली होती. ओतीव ॲल्युमिनियम लोखंडाच्या पट्टीसारखं आधी वाकून सांगत नाही, एकदम जातं. केसिंग बदलायला अख्खा गेअरबॉक्स उघडावा लागला. म्हणजे ज्याला हात लावायचाच नव्हता तेच काम झालं.

त्यानंतर मी एक करतो आणि तुम्हीही करा. एक पुठ्ठा घ्या, त्यावर बेल हाउसिंगचा गोल काढा, घड्याळासारखे आकडे टाका. बोल्ट निघाला की त्याच जागी पुठ्ठ्यात खुपसा. इंजिन उचलण्याआधी हाउसिंगच्या कडेने बोट फिरवत प्रत्येक कान मोजा. डोळ्यांनी नाही, बोटाने, आणि दोन्ही बाजूंनी, गेअरबॉक्सकडून आणि इंजिनाकडून. जितके कान तितकी पुठ्ठ्यावर उत्तरं हवीत. स्टार्टरचा बोल्ट धरा, खालच्या पत्र्याच्या झाकणाचे धरा. पुठ्ठ्याने लांबीही कळते. हे बोल्ट सगळे सारखे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात घालून आवळला तर तळ फुटतो.

बसवतानाही हाच सापळा उलटा लागतो. गेअरबॉक्सची शाफ्ट क्लच प्लेटच्या मधल्या खाचांत नीट गेली नाही की बोटभर फट राहते आणि बोल्ट आवळून ती ओढून घ्यायचा मोह होतो. ओढू नका. क्लच प्लेट मध्यावर नाही, किंवा इंजिन आणि गेअरबॉक्स एका रेषेत नाहीत. क्रेन सूतभर वर-खाली करा, क्रँक थोडी फिरवा, ते हाताने बसतं. आणि तोवर इंजिनाचं वजन शाफ्टवर टांगू देऊ नका, क्लच प्लेट वाकते.

घाबरवलं असेल तर सांगतो, सगळं परत जुळलं. गाडी चालली. माझ्यासारख्या अधीर माणसाकडून झालं, तर तुमच्याकडूनही होईल.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं एक ठाम मत आहे. तुमच्या हातातून पाना काढून घेणारा उस्ताद नको. मी ज्यांच्या हाताखाली पुढे शिकलो ते हात मागे बांधून उभे राहायचे. मी चुकीचा बोल्ट सोडायला गेलो तर एवढंच विचारायचे, "हा कशाला धरून बसलाय?" तासभर राग यायचा. पण त्या दिवशी कोणी मला हे एकदा जरी विचारलं असतं तरी कान वाचला असता. चार तासांत इंजिन बाहेर काढून दाखवणारे व्हिडिओ बघा, हरकत नाही, पण त्या गाडीचे बोल्ट आदल्या दिवशी ढिले केलेले नव्हते याची खात्री कोण देणार? आणि इम्पॅक्ट गन पहिल्या इंजिनाला वापरू नका. बोल्ट सुटतोय, फसतोय की तुटायच्या बेतात आहे, हे मनगटाला कळतं. गनमधून काही कळत नाही. यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत, त्यांचे हात तयार आहेत. तुमचे अजून नाहीत.

इंजिन वर आलं की आनंद होतो, पण ते घाईने जमिनीवर टेकवू नका. ऑइल पॅनवर वजन आलं की पॅन चेपतं आणि आतली तेल ओढणारी नळी बंद होऊ शकते. टायरवर ठेवा किंवा सरळ इंजिनाच्या स्टँडला लावा. स्टँडला लावायचं तर आधी क्लच आणि फ्लायव्हील उतरवावं लागतं, कारण स्टँडचे हात त्याच बाजूला बसतात. क्लच-फ्लायव्हीलच्या बोल्टांचं सॉकेट आणि स्टँडला लागणारे जादा लांबीचे बोल्ट आधीच हाताशी ठेवा. मी ते शोधत होतो तेव्हा इंजिन पाऊण तास साखळीला लटकून होतं, आणि मी त्याच्याकडे पाठ करायलाही तयार नव्हतो, म्हणून उलटा चालत हत्यारांच्या पेटीपर्यंत गेलो.