लांबच्या राइडवर आरएक्स १०० चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं

यामाहाच्या आरएक्स १०० या जुन्या बाइकवर लोक जीव टाकतात, हे चोरालाही पक्कं ठाऊक असतं. १९८५ ते १९९६ एवढ्याच काळात निघालेली ही गाडी, त्यामुळे नीट ठेवलेली असली तर आज लाखाच्या पुढे जाते. अख्खी विकायची नसली तरी टाकी, इंजिन, कार्ब्युरेटर, मीटर असं सुटं सुटं खपतं. त्यात वजन जेमतेम शंभर किलो. दोघांनी पुढून-मागून धरली की गाडी छोट्या हत्तीत! म्हणून 'हँडल लॉक करा आणि उजेडात लावा' एवढ्यावर संपणारे सल्ले वाचले की माझं डोकं फिरतं. जुन्या गाडीचं हँडल लॉक एका हिसक्याचं गिऱ्हाईक असतं.

सर्व्हिसिंग, टायर, पीयूसी हे सगळं तुम्ही केलंय असं धरून चालतो.

गाडी दोनच प्रकारे जाते, उचलून किंवा चालवत. उचलून नेऊ नये म्हणून साखळी, चालवत नेऊ नये म्हणून चोरस्विच, म्हणजे इंजिन चालूच होऊ न देणारा लपवलेला स्विच. बाकीचं सगळं या दोन्हींच्या नंतर.

साखळी

दुकानदार हटकून डिस्क लॉक गळ्यात मारतो. आरएक्सला पुढेही ड्रम आणि मागेही ड्रम, ते कुलूप लावणार कुठे? कडक पोलादाची, कमीत कमी १० मिमी जाडीची, वर कापडी खोळ असलेली साखळी घ्या. ती मागच्या चाकातून आणि फ्रेममधून ओवायची. पुढच्या चाकाला बांधून उपयोग नाही, अॅक्सलचा नट काढला की चाक तिथे आणि गाडी दुसरीकडे. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, कारण जमिनीचा टेकू मिळाला की कटरला जोर लावता येतो. आणि ती कशाला तरी बांधलेली हवी: जिन्याच्या कठड्याचा सिमेंटमधला खांब, खिडकीचे गज, नाहीतर सोबतच्या मित्राची बाइक. नुसत्या चाकाला घातलेली साखळी टेम्पोत गाडीबरोबरच जाते.

प्रवासात ती अंगावर आडवी घालून मिरवू नका. पडलात तर बरगडीत रुतेल. सॅडल बॅगेत तळाशी टाका.

चोरस्विच

इथे घाई नको. कुठल्याही मेकॅनिकला विचारा, 'दहा मिनिटांचं काम' म्हणेल, आणि आरएक्सला तो बऱ्याचदा चुकीचा बसवेल. मला स्वतःला याचा उलगडा व्हायला बराच काळ गेला, म्हणून सविस्तर सांगतो.

जुन्या प्लॅटिनम पॉइंटवाल्या बुलेटमध्ये बॅटरीचा करंट किल्लीतून कॉइलकडे जातो. किल्ली बंद, वाट बंद. तिथे मधली वायर कापून गुपचूप एक स्विच टाकला की झालं. आरएक्सचं बरोबर उलटं. तिचा स्पार्क मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच वीज बनवणाऱ्या भागावर; बॅटरी काढून ठेवली तरी किकवर चालू होते. इथे किल्ली स्पार्कला काही पुरवत नाही. बंद केली की ती सीडीआयकडून (स्पार्क सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडून) आलेली एक वायर फ्रेमला टेकवते, म्हणजे अर्थ करते, आणि स्पार्क मरतो. ऑन केली की ती वायर मोकळी. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: ती वायर कुठेही तुटली तर गाडी बंद पडत नाही, उलट चालू व्हायला तयार होते. कुलपाची किल्ली आपल्या खिशात असून काही फरक पडत नाही.

आता बुलेटची सवय असलेला मेकॅनिक याच वायरीत, मध्येच कापून, स्विच टाकतो. तो 'बंद' केला की किल्लीचा आणि सीडीआयचा संबंधच तुटतो, म्हणजे चोराचं अर्धं काम आपणच करून ठेवलं. एका गॅरेजने माझ्या गाडीला अगदी असाच स्विच बसवून दिला होता आणि वर 'आता बिनधास्त जा' असं सांगून पैसे घेतले. किल्ली बंद करून खिशात टाकली तरी इंजिन टणटणतच राहिलं, तेव्हा त्याची कारागिरी कळली.

बरोबर पद्धत अशी. मूळ वायर कापायची नाही, तिला फाटा काढायचा. फाट्याचं टोक एका छोट्या टॉगल स्विचला, स्विचचं दुसरं टोक फ्रेमला. स्विच टाकला की स्पार्क अर्थ होतो, मग किल्ली ऑन असो की ऑफ. यामाहाच्या मूळ वायरिंगमध्ये ही वायर काळी, पांढऱ्या रेघेची असते. पण तीस वर्षांत गाडीचं वायरिंग किती हातांखालून गेलंय देव जाणे, रंगावर भरवसा नको. सीडीआयचा कपलर काढा, मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवा, एक टोक त्या वायरीला, एक फ्रेमला. किल्ली बंद असताना बीप वाजली आणि ऑन केल्यावर थांबली, तर वायर तीच.

फाटा सीडीआयच्या जवळ काढा, हेडलाइटजवळ नको. चोराचा हात आधी हेडलाइटमागच्या जोडण्यांकडे जातो. तिथे त्याने काहीही तोडलं तरी आपला फाटा त्याच्या अलीकडे, सीडीआयच्या बाजूला शाबूत राहिला पाहिजे. सगळी मेख इथे आहे.

अर्थचा बोल्ट घट्ट करण्याआधी खालचा रंग घासून लोखंड उघडं करा आणि वरून थोडं ग्रीस लावा. रंगावर बसलेला अर्थ म्हणजे नुसता देखावा. जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. पिळून काळी टेप गुंडाळायची पद्धत गॅरेजमध्ये खपते, कोकणातल्या पावसात नाही. वायर फ्रेमच्या कडेला घासत असेल तर तिथेही स्लीव्ह घाला, कारण हीच वायर सोलवटून फ्रेमला टेकली तर गाडी आंबोली घाटात, मागे ट्रक असताना, काही न सांगता बंद पडेल. स्विचला रबरी टोपी हवी.

जागा? सीटच्या पुढच्या कडेखाली आणि टाकीखाली डावीकडे नको, सगळे तिथेच बसवतात आणि सगळ्यांना ते माहीत असतं. बसल्या बसल्या हात पोचेल, पण गुडघा किंवा सामानाचा पट्टा लागून स्विच पडणार नाही अशी जागा शोधा. मी कुठे बसवलाय ते इथे लिहिणार नाही, आणि तुम्हीही ग्रुपवर फोटो टाकू नका.

मग चाचणी. स्विच टाका, किल्ली ऑन करा, चार-पाच किक मारा. इंजिनाने साधं खोकूही नये. आता मेन स्विचचा, म्हणजे किल्लीच्या स्विचचा, कपलर उपसून काढा आणि पुन्हा किक मारा. तरीही मेलेलीच राहिली तरच काम झालं. ही दुसरी चाचणी न करता पैसे देऊ नका. फार किक मारल्या तर प्लग ओला होतो, पुसून परत लावा. चोराचाही तसाच ओला होईल, हा फायदाच.

ज्यांची बाइक इंजेक्शनवाली आहे त्यांनी यातलं काहीही करू नये.

रस्त्यात आणि मुक्कामाला

थांबलात की पेट्रोल कॉक बंद. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी पुढे जाऊन थांबते, आणि घाबरलेला माणूस तिला सोडून पळतो.

कोकणात समुद्राकाठच्या रस्त्याने जात असाल तर वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटींवर गाडी तुमच्यासोबतच असते, काळजी नाही. काळजी मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जायचं म्हणजे गाडी जेट्टीच्या बाजूला ठेवून समुद्रापलीकडे जाणं आलं, आणि परतीची होडी आपल्या घड्याळावर चालत नाही. मी गाडी जेट्टीवर नेतच नाही. खोलीवर साखळीत ठेवून चालत जातो. तेवढं चालणं परवडतं.

लॉज बुक करतानाच फोनवर विचारा, "दादा, गाडी गेटच्या आत घेता येईल ना?" 'समोर रस्त्यावर लावा, इथे काही होत नाही' असं उत्तर आलं तर दुसरं लॉज बघा. घरगुती खाणावळी-निवास यात बरे पडतात. काकू स्वतःच पडवीत लावायला सांगतात, फक्त रात्री फरशीवर तेल गळू नये म्हणून खाली पुठ्ठा टाका.

चहाच्या टपरीवर गाडीभोवती माणसं जमतातच. 'किती सीसी, कितीला घेतली' इथपर्यंत ठीक आहे. आज मुक्काम कुठे, हे मात्र कुणालाही खरं सांगू नका.

अलार्मबद्दल माझं मत वाईट आहे. ट्रक गेला की ठणाणा करतो, दुसऱ्या रात्री लॉजवाला स्वतःच बंद करायला लावतो. जीपीएस ट्रॅकर चालेल, पण स्वतःची बॅटरी असलेला. गाडीच्या इवल्याशा बॅटरीवर लावलात तर सकाळी हॉर्नचा आवाज चिमणीचा. शिवाय घाटात रेंज गेली की ट्रॅकर मुका.

तरीही गेलीच तर

निघण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरचे जवळून फोटो काढून ठेवा, चेसिस नंबरचा पेन्सिल ठसाही घ्या. वेल्डिंगची खूण, टाकीवरचा पोचा, असं काही ओळखीचं असेल तर त्याचाही फोटो हवा. रंग बदलला तरी पोचा जागेवर असतो. आरसी डिजिलॉकरमध्ये हवी.

गाडी दिसत नाही म्हटल्यावर आधी आजूबाजूच्या सीसीटीव्हीवाल्या दुकानदारांना फुटेज पुसू नका म्हणून सांगा, ११२ लावा आणि जवळच्या ठाण्यात जा. 'ही हद्द आमची नाही, तिकडे जा' असं कुणी म्हणालं तर झीरो एफआयआर म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तक्रार इथेच नोंदवून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद स्पष्ट आहे. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही.

विम्याकडून आशा असेल तर पॉलिसी आजच उघडून बघा. नुसत्या थर्ड पार्टीत चोरीचा रुपयाही मिळत नाही, आणि एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक वेळा तेवढीच पॉलिसी हातात पडते. चोरीच्या विम्यामागे धावण्यापेक्षा पैसे साखळीत घाला.