अमेरिकेतील परवडणारे विद्यापीठ कसे शोधावे

अमेरिकेतील एखादे विद्यापीठ आपल्याला परवडेल की नाही, हे पदवी हाती येईपर्यंत घरातून एकंदर किती पैसे जातील यावरून ठरते. हा आकडा कोणत्याही क्रमवारीत किंवा ‘स्वस्त विद्यापीठां’च्या यादीत मिळत नाही. तो ज्याचा त्याने काढावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येते. बारावीनंतर पदवीसाठी जाणाऱ्यांचे आणि इंजिनिअरिंगनंतर एम.एस.साठी जाणाऱ्यांचे मार्ग वेगळे असले, तरी दोघांनीही सुरुवात या हिशेबापासूनच करावी.

एम.एस.चे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यापीठात एका क्रेडिटला (अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) ६०० डॉलर फी आहे आणि पदवीसाठी ३६ क्रेडिट लागतात. म्हणजे फी झाली २१,६०० डॉलर. दुसऱ्या विद्यापीठात क्रेडिटला ९०० डॉलर पडतात, पण तेथे ३० क्रेडिट पुरतात आणि एकदाच मिळणारी ४,००० डॉलरची शिष्यवृत्ती आहे. म्हणजे फी झाली २३,००० डॉलर. येथपर्यंत पहिले विद्यापीठ स्वस्त दिसते. परंतु तेथे चार सेमिस्टर, म्हणजे सुमारे २१ महिने राहावे लागते, तर दुसरीकडे तीन सेमिस्टरमध्ये, सुमारे १६ महिन्यांत काम होते. भाडे, जेवण, विमा आणि प्रवास मिळून महिन्याला १,३०० डॉलर लागतात असे धरले, तर पहिल्याचा एकूण खर्च ४८,९०० डॉलर होतो आणि दुसऱ्याचा ४३,८०० डॉलर. शिवाय दुसरा विद्यार्थी पाच महिने आधी कमावता होऊ शकतो. म्हणून यादीतील प्रत्येक विद्यापीठासाठी क्रेडिटचा दर, लागणारी क्रेडिट, राहण्याचे महिने आणि तेथील मासिक खर्च असे चार रकाने करून कोष्टक तयार करावे.

फीचे पान वाचताना काही बारीक ओळींकडे विशेष लक्ष द्यावे. इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन शाखांना अनेक ठिकाणी मूळ दरावर जादा आकारणी असते, परदेशी विद्यार्थ्यांसाठी दर सेमिस्टरला वेगळे शुल्क असू शकते, आणि आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो. विद्यापीठ जो वार्षिक खर्चाचा अंदाज देते, तो अनेकदा नऊ महिन्यांचाच असतो. उन्हाळ्यातील भाडे त्यात धरलेले नसते. त्यामुळे तो अंदाज किती महिन्यांचा आहे, हे आधी पाहावे.

विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर असणारे, मदत वजा जाता किती खर्च येईल हे सांगणारे ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ आणि अमेरिकी शिक्षण खात्याचे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ ही साधने चांगली असली, तरी त्यांतील सरासरी खर्चाचे आकडे संघीय, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या मदतीस पात्र असणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना धरून काढलेले असतात. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरील विद्यार्थ्याला संघीय सरकारची मदत मिळत नाही. तेथे १५ हजार डॉलर दिसले म्हणून आपल्यालाही तेवढेच लागतील असे समजणारे पालक पुढे फार अडचणीत येतात, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

पदवी अभ्यासक्रमासाठी खरा उपयोगी कागद म्हणजे ‘कॉमन डेटा सेट’, महाविद्यालयाच्या आकडेवारीचा ठरावीक नमुन्यातला तक्ता. अनेक महाविद्यालये तो दरवर्षी प्रसिद्ध करतात. महाविद्यालयाचे नाव आणि हे शब्द टाकून शोधले की तो सापडतो. त्यातील एच६ या कलमात संस्थेने त्या वर्षी किती परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःच्या निधीतून मदत दिली आणि सरासरी किती रक्कम दिली, हे लिहिलेले असते. बी२ या तक्त्यात एकूण परदेशी विद्यार्थ्यांची संख्या मिळते. समजा, ४०० परदेशी विद्यार्थ्यांपैकी ४० जणांनाच मदत मिळाली असेल, तर दहात एकाचीच शक्यता आहे, मग माहितीपत्रकात कितीही उदार भाषा असो. याउलट ४०० पैकी ३०० जणांना सरासरी ३० हजार डॉलर मिळत असतील, तर त्या संस्थेची जाहीर फी मोठी असूनही ती यादीत ठेवावी.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन या संस्था परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देतानाही त्याची आर्थिक स्थिती पाहत नाहीत आणि प्रवेश दिल्यावर त्याची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. त्यांचा जाहीर वार्षिक खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे असतो. तरीही मध्यमवर्गीय मराठी घरातील ज्या मोजक्या मुलांना तेथे प्रवेश मिळतो, त्यांना त्या एखाद्या सरकारी विद्यापीठापेक्षा स्वस्त पडू शकतात. मात्र तेथील स्पर्धा इतकी तीव्र असते की केवळ त्यांच्या भरवशावर बेत आखू नये. इतर बहुतेक महाविद्यालये मदत मागणाऱ्या परदेशी अर्जदाराला अधिक कडक निकष लावतात. तरीही मदत हवी असेल तर पहिल्याच अर्जात ती मागावी, कारण प्रवेशाच्या वेळी न मागितलेली मदत पुढील वर्षी देण्यास अनेक संस्था नकार देतात. केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजचाही विचार करावा: तेथे विद्यार्थ्यांकडून ट्यूशन फी घेतली जात नाही, प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम करावे लागते, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जागा अगदी थोड्या असतात.

ज्यांना यांपैकी काही जमणारे नाही, त्यांनी कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयाचा मार्ग गांभीर्याने पाहावा. आपल्याकडे ‘कॉलेज’ या शब्दामागे असलेल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांमुळे पालक हा पर्याय लगेच बाजूला सारतात, आणि ते मला चुकीचे वाटते. पहिली दोन वर्षे तेथे काढून पुढील दोन वर्षांसाठी चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येते, आणि अंतिम पदवी त्या विद्यापीठाचीच मिळते. कॅलिफोर्नियात ही व्यवस्था सर्वांत नीट बसवलेली आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा केंद्रे ठरावीक विषय आणि गुण पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत ही हमी नाही. कोणता विषय कोठे मान्य होतो, हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय पाहता येते, आणि ते पहिल्या सेमिस्टरच्या आधीच पाहावे. अन्यथा क्रेडिट वाया जाऊन वाचवलेले पैसे तेथेच खर्च होतात. शेवटच्या दोन वर्षांत परराज्यातील विद्यार्थ्याची जादा फी भरावी लागते, हेही हिशेबात धरावे.

एम.एस.साठी जाणाऱ्यांनी टेक्सास राज्याचा नियम अवश्य समजून घ्यावा. सरकारी विद्यापीठे राज्यातील रहिवाशांना कमी आणि बाहेरच्यांना कितीतरी जास्त फी लावतात. परंतु टेक्सासच्या कायद्यानुसार विद्यापीठाने स्पर्धात्मक निवडीने वर्षाला किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिलेल्या परदेशी विद्यार्थ्याला रहिवाशाच्या दराने फी भरण्याची सवलत मिळू शकते. शिष्यवृत्तीची रक्कम लहान दिसते, पण खरी बचत फीच्या दरांतील फरकातून होते. अशा सवलतींच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, हे विभागाला ई-मेलने आधीच विचारावे. त्याच राज्यात आपल्या पदवीशी संबंधित अर्धवेळ टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्याचे किंवा संशोधनाचे पगारी काम) मिळाल्यासही रहिवाशाचा दर लागू होतो.

असिस्टंटशिपबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. अमेरिकेत विज्ञान आणि इंजिनिअरिंगमधील पीएच.डी.ला बहुधा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते; एम.एस.ला तसे क्वचितच होते. ज्याला संशोधनाची खरी आवड आहे, त्याने थेट पीएच.डी.ला अर्ज करावा. केवळ पैसे वाचवण्यासाठी तो मार्ग धरू नये, कारण त्यात पाच-सहा वर्षे जातात. कॅम्पसवर आठवड्याला २० तास कामाची परवानगी असली, तरी ते काम मिळेलच असे गृहीत धरून कोष्टकात रक्कम लिहू नये. अभ्यासक्रमानंतरच्या ओपीटीतील, म्हणजे शिक्षण संपल्यावर अमेरिकेत काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीतील पगाराबाबतही हेच म्हणता येईल: कामाची मुदत १२ महिन्यांची आणि विज्ञान-तंत्रज्ञान-गणित शाखांना आणखी २४ महिन्यांची असते, पण ती नोकरीची हमी नव्हे.

स्वस्त दर पाहून भुलण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात. संस्थेला मान्यता देणारी संस्था कोणती, हे पाहावे. आणि परदेशी विद्यार्थ्यांना आय-२० (व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे कागदपत्र) देण्याचा अधिकार तिला आहे का, हे अमेरिकी सरकारच्या ‘स्टडी इन द स्टेट्स’ या संकेतस्थळावरील यादीत तपासावे. मात्र तेवढ्यावर विसंबू नये, कारण यादीतील संस्थाही फसवी निघू शकते. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर २०११ मध्ये कारवाई झाली, तेव्हा शेकडो भारतीय विद्यार्थ्यांचे भवितव्य टांगणीला लागले. २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी ही तर तपास यंत्रणेनेच उभी केलेली बनावट संस्था असल्याचे उघड झाले आणि तेथे नाव नोंदवलेले अनेक भारतीय पकडले गेले. वर्ग जवळजवळ नाहीत, पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी आणि फी कमी, अशी त्रयी कोणी सांगितली तर तेथूनच परत फिरावे.

भारतातून मिळणाऱ्या मदतीची यादी प्रवेशाआधीच करावी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. इतर मागास प्रवर्गांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डॉवमेंट, तसेच के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतात. बँकेचे शैक्षणिक कर्ज घेताना तारण ठेवून राष्ट्रीयीकृत बँकेचा दर आणि विनातारण खाजगी कर्जाचा दर यांची तुलना करावी, आणि शिक्षण सुरू असतानाही व्याज चढत असते, हे घरातील सर्वांना समजावून सांगावे.

विद्यापीठ निवडीसाठी एजंट ‘मोफत’ सल्ला देतो, तेव्हा त्याला अनेकदा विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळते, आणि त्याची यादी त्याच विद्यापीठांकडे झुकते. त्याऐवजी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ‘एज्युकेशन यूएसए’ सेवेचे मुंबईतील केंद्र गाठावे. ते यूएस-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनमार्फत चालते आणि एजंटप्रमाणे कमिशनवर काम करत नाही.

प्रवेशपत्रे आल्यावर प्रत्येकातील आर्थिक मदतीचा भाग अक्षर न अक्षर वाचावा. रक्कम एका वर्षाची आहे की पूर्ण अभ्यासक्रमाची, पुढे चालू राहण्यासाठी किती सरासरी गुण टिकवावे लागतील, आणि फी वाढली तर मदतही वाढेल का, हे लेखी विचारावे. दोन विद्यापीठांत फरक थोडाच असेल, तर ज्या विभागात जाण्याची इच्छा आहे त्याच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला) दुसऱ्याकडील प्रस्तावाची प्रत जोडून, अधिक मदतीचा विचार होऊ शकेल का, असे सभ्य शब्दांत लिहावे. नकार आला तरी प्रवेश जात नाही. ज्यांना असिस्टंटशिप किंवा फेलोशिपसह प्रस्ताव मिळाला आहे, त्यांच्यावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची घाई अमेरिकेतील पदव्युत्तर संस्थांच्या परस्पर करारानुसार लादता येत नाही. अर्थात तो करार केलेल्या संस्थांपुरताच हा नियम लागू असल्याने, आपले विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पाहूनच ही सवड वापरावी.